फट

उद्यमनगरात, लेथच्या शेडवरच्या माळ्यावर
संध्याकाळी सात ते आठ माझा इंग्रजीचा वर्ग.
खालची मोठी लेथ फिरायला लागली
की हातातला खडू आपोआप थरथरतो.
सहा विद्यार्थी. त्यातले दोघे कायम उशिरा.

त्या दिवशी दस्तगीर शिकलगार
चौघडी कागद घेऊन आला.
परदेशी गिऱ्हाइकाची मेल, मालकांनी छापून दिलेली.
चारशे बुश परत आले होते
आणि कारण एका ओळीचं:
डिफर्स स्लाइटली फ्रॉम द ड्रॉइंग.

"डिफर्स कळलं. फ्रॉम बी कळलं," तो म्हणाला,
"मधलं हे स्लाइटली म्हंजे किती मायक्रॉन?"

मी हसले नाही.
फळ्यावर डिफर्स लिहिलं, फ्रॉम लिहिलं,
दोघांत चार बोटं जागा सोडली.
म्हटलं, इंग्रजीत क्रियापद आणि त्याचं हे अव्यय
शेजारी राहतात, पण भिंत सामाईक नसते.
मधल्या बोळात एक शब्द उभा राहू शकतो,
कसं, किती, ते सांगणारा.
लुक केअरफुली ॲट. डिपेंड एंटायरली ऑन.

"मग चेक केअरफुली द बुश?"
मागून छबूताई लोहार, पॅकिंगमधल्या.
नाही. तिथं अव्यय नाही, म्हणून बोळ नाही.
चेक आणि द बुश प्रेसफिट बसलेत.
केअरफुलीनं आपलं शेवटी जाऊन बसावं.
"प्रेसफिट," छबूताईंनी लिहून घेतलं,
व्याकरणाच्या वहीत.

आपल्याकडे बघा, मी सांगत होते,
कडे, वर, साठी
नामाला चिकटूनच जन्मतात:
आईकडे, टेबलावर, पोरांसाठी.
मध्ये साधा 'च' घुसू म्हणेल तर
त्याला मागं रांगेत उभं करतो, आईकडेच.
आणि 'नीट' म्हणायचं ते
आधीच म्हणून टाकतो. नीट बघ. सावकाश जा.
काम सांगण्याआधी कामाची रीत.

दस्तगीरचं माझ्याकडे लक्ष नव्हतं.
कागदावरचा तो एक शब्द तो बोटानं झाकत होता.
डिफर्स फ्रॉम.
बोट काढलं. डिफर्स स्लाइटली फ्रॉम.
पुन्हा झाकलं.
"ह्यो काढला तर माल लईच वाईट वाटतोय.
लिवणारा मानूस बरा हाय म्हणायचा."

मग एकदम म्हणाला,
"लुक आफ्टर मधी बी जातो का ह्यो?"
सहसा नाही. कानाला खुपतं.
लुक ॲट म्हणजे बोल्ट, मध्ये वॉशर टाकता येतो.
लुक आफ्टर म्हणजे वेल्डिंग.
त्यानं मान हलवली, जरा जास्तच वेळ.
घरी वडील आहेत,
चाळीस वर्षं ग्राइंडरची धूळ छातीत भरून बसलेले,
हे मला छबूताईंकडून कळलं. नंतर, जिन्यात.

उत्तर आम्ही सगळ्यांनी मिळून रचलं.
वुई ॲग्री विथ यू.
इथं मी खडू बोळापाशी नेला.
ॲग्री फुली विथ यू करूया?
शोभून दिसेल. गिऱ्हाईक खूश होईल.

तो फळ्याकडे बघत राहिला.
खाली लेथ थांबली होती,
कुणीतरी रॉकेलनं हात धूत होतं,
वास वरपर्यंत आला.

"नको म्याडम. ॲग्री म्हटलंय तेवढं बास.
मधली जागा मोकळी ऱ्हाऊ दे.
एक एक मोजून बघितलाय मी.
चारशेतले साठ बरोबर हायेत."